वांग्यातलं तिसरं तांबं

योगिनीने वांग्यात तिसरं तांबं शोधलं, तिचा शोधनिबंध स्वीकारला गेला आणि भामरे सरांनी अख्ख्या विभागाला पेढे वाटले. यातलं पेढे सोडून काहीही झालेलं नाही. पेढे खाल्लेल्यांनी कृपया ते विसरावेत.

झालं ते एवढंच. चिरलेलं वांगं ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, त्याच्या पोटात तांब्याचे दोन अणू असतात. ते एकमेकांना असे धरून बसतात, की चुंबकाच्या यंत्रात घातले तरी चकार शब्द काढत नाहीत. पडद्यावर रेघ सपाट. योगिनीची रेघ मात्र डुलत होती. म्हणजे आत तिसरं कोणीतरी बोलत होतं. ते एन्झाइमचंच असलं तर पीएचडी हातात. बाहेरून घुसलेलं असलं तर सगळं पहिल्यापासून.

सर म्हणाले, "शोध आहे हा!" योगिनीला मात्र कुणाचा तरी हात दिसत होता.

वांगी मखमलाबादच्या घरच्या मळ्यातली. तिने आईला फोन लावला. "आई, मोरचूद फवारलंस का? त्यात तांबं असतं."

"तुझ्या वांग्यांना मी हात लावत नाय बाई. लय शिकलेली हायेत ती."

मग शेजारच्या टेबलावरचा रविराज. तो तब्येतीसाठी तांब्याच्या बाटलीतून पाणी प्यायचा, तेही तिच्या नळ्यांकडे बघत. तिने बाटली लपवली. रेघ डुलतच राहिली. आता रविराजही तिच्यावर पाळत ठेवू लागला.

शेवटी एक दिवस ती सकाळीच येऊन दाराआड उभी राहिली. आत भामरे सर, चपला काढून, यंत्रासमोर. हातात चिंचेने लख्ख घासलेली तांब्याची पंचपात्री. खंडेनवमीच्या पूजेनंतर बंद पडलेलं यंत्र सुरू झालं होतं. तेव्हापासून सर रोज तीर्थ शिंपडत होते. यंत्रावर, टेबलावर, नळ्यांवर.

"सर, नळ्यांची झाकणं का काढलीत?"

"अगं, झाकणावर शिंपडून आत कसं पोचेल?"

प्रबंधावर सही सरांचीच लागणार होती. योगिनीने आईला नवी वांगी तोडायला सांगितली आणि अर्ज लिहिला.

"मा. विभागप्रमुख भामरे सर यांस, सदर यंत्राची पूजा यापुढे कोरडी करण्यात यावी, ती ओल्या पूजेइतकीच पावल्याची देवाच्या सहीची पोच कार्यालयात जमा करावी, आणि वाटलेले पेढे संबंधितांकडून आहेत त्या स्थितीत परत घ्यावेत, ही नम्र विनंती."