पुढे धावणारं घड्याळ

घोरपडीने फोन स्पीकरवर टाकला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हाताची घडी घालून उभीच राहिली. बसवत कुठे होतं? खगोलशास्त्र विभागातल्यांनी तिला हे नाव उगाच दिलं नव्हतं. एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, हा तिचा खाक्या. गेली कित्येक वर्षं तिने मेलेल्या ताऱ्यांची एक जोडी धरून ठेवली होती.

जळून विझलेले तारे ते, पृथ्वीएवढ्या जागेत भलतंच वजन ठासून भरलेले, एकमेकांभोवती गरगर फिरणारे. त्यातला हलका तारा आपलं द्रव्य भारी ताऱ्याला देत होता. आणि या जातीचा कारभारच उफराटा: वजन वाढलं की आकसायचं, घटलं की फुगायचं. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "अगं, मग मला तिथेच नेऊन सोड. खाऊनपिऊन बारीक!"

घोरपडीचं म्हणणं असं, की देणारा तारा फुगतोय आणि देता देता लांब चाललाय. फेरीला लागणारा वेळ वाढतोय. म्हणजे एकाने दुसऱ्याला झाकलं की लागणारं ग्रहण उशिराच लागणार. तिचे मार्गदर्शक सर म्हणत, छे, जोडी जवळ येतेय, ग्रहण लवकर लागणार. सरांनी उभी हयात या जोडीवर घालवली होती. आता जुन्या नोंदींत ग्रहण उशिराच दिसायचं, हे खरं. पण विभागाने त्यावर एक तोडगा काढून ठेवला होता. दुर्बिणीवरचं घड्याळ पुढे धावतं, असं म्हणायचं आणि काही सेकंद वजा करायचे. दर वर्षी वजाबाकी थोडी वाढायची, तर घड्याळ म्हातारं होतंय म्हणायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हीच वजाबाकी शिकवत. घोरपडीला तर खुद्द सरांनी शिकवली होती. तिकडे पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला दुर्बीण सांभाळणाऱ्या बाई कानीकपाळी ओरडत होत्या, की माझं घड्याळ ठणठणीत आहे. कोण ऐकतो!

शेवटी घोरपडीने भांडभांडून ते घड्याळ बदलायला लावलं. नवं घड्याळ थेट उपग्रहाकडून वेळ घेणारं, त्यावर बोट ठेवायला जागाच नव्हती. आज त्यावरचं पहिलं ग्रहण.

"लवकर लागलं तर तुझ्या प्रबंधावर मी सही करणार नाही," सरांनी महिन्यापूर्वी तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी हा विषय काढलाच नव्हता.

दार ढकलून सर आत आले. हातात जडशी कापडी पिशवी होती. ती त्यांनी सांभाळून खुर्चीशेजारी ठेवली आणि खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उन्हाला पाठ करून बसले.

"आभाळ कसं आहे, बाई?"

"लख्ख," फोनमधून आवाज आला. "प्रकाश व्यवस्थित येतोय."

सरांनी गणिताने काढलेला ग्रहणाचा क्षण आला.

"लागलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

घोरपडीचा जीव नुसता टांगणीला लागला होता. सर मान खाली घालून पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते.

"मंदावला!" बाई ओरडल्या. "प्रकाश मंदावला, लागलं ग्रहण! वेळ सांगते, लिहून घ्या."

त्यांनी वेळ सांगितली. घोरपडीने ती ऐकली आणि टेबलावर अशी थाप मारली की फोन उडाला. उशिरा! तिने सांगितलं होतं अगदी तेवढंच उशिरा! ती हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. शेजारच्या खोलीतलं कुणीतरी डोकावून गेलं.

"आणि म्हणे माझं घड्याळ पुढे धावतं!" बाईंनी सुनावलं.

"चुकलं, बाई. हात जोडतो," सर म्हणाले आणि फोनपुढे खरोखरच त्यांनी हात जोडले.

मग त्यांनी पिशवीतून एक गोल, पिवळं पडलेलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दुर्बिणीवरचं जुनं.

"हे तुमच्याकडे?"

"मागवून घेतलं. रोज सकाळी प्रमाणवेळेशी ताडून बघत होतो."

"मग?"

"एक सेकंदही इकडचा तिकडे नाही. इतकी वर्षं बिचाऱ्याने फुकट शिव्या खाल्ल्या."

घोरपड त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला आधीच कळलं होतं!"

"घड्याळाचं कळलं होतं. ताऱ्याचं ताऱ्याकडून ऐकायचं होतं." सर गुडघ्यांवर हात टेकून उठले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जिंकलं कोण ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. "पोरी, मी चुकलोय आणि मला इतकं बरं वाटतंय! चल, नोंद घालू."

त्यांनी खडू घेतला, फळ्यावर बाईंनी सांगितलेली वेळ लिहिली, आणि सवयीने तिच्याखाली वजाबाकीची आडवी रेघ ओढली. हात तसाच थांबला. क्षणभराने त्यांनी तळहाताने सगळं पुसून टाकलं, वेळसुद्धा, आणि खडू तिच्यापुढे धरला.

"तू लिही. आणि मोठ्या अक्षरांत. मागच्या बाकापर्यंत दिसलं पाहिजे."