समोरच्या काचांवरून

१९९८च्या उन्हाळ्यात सांगलीत रस्ता रुंद करायची मोजणी निघाली, तेव्हा चिंतामण सत्तावीस वर्षांचा होता. राहणारा साताऱ्याचा, नोकरी मोजणीचं काम घेणाऱ्या एका खाजगी कंपनीत. उपग्रहांवरून जागा सांगणारं जीपीएस यंत्र त्याच्या हाती नुकतंच आलं होतं. एक यंत्र मोकळ्या मैदानात ठेवायचं, दुसरं गल्लीत, आणि दोन्हींचे आकडे जुळवून जागा काढायची. चूक वीतभराच्या आत, असं त्याला शिकवलं होतं.

बाजारामागच्या बोळात त्याने नानासोंच्या दारात यंत्राची तिवई लावली. नानासो फौजेतून निवृत्त झालेले, वायरलेसवरचे हवालदार. अर्धांगामुळे दोन वर्षं अंथरुणावर होते. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट होती. समोर चार मजली नवी इमारत उठली होती, वरपासून खालपर्यंत काचांची.

“साहेब,” नानासो खिडकीतून अडखळत म्हणाले, “सरळ येणारा सिग्नल घरांनी अडलाय. तुमच्याकडं येतोय त्यो त्या काचांवर आपटून. लांबनं फिरून येतोय, जागा चुकणार बघा.”

“काका, तुमचा वायरलेस वेगळा. हे उपग्रहाचं काम आहे.”

“रेडिओ त्यो रेडिओच की. दोन-तीन दिवस ठिवून तर बघा.”

चिंतामण हसला. नानासोंच्या बायकोने, शालूबाईंनी, आणलेला चहा त्याने घेतला आणि वीस मिनिटांत यंत्र आवरलं.

नकाशावर रस्त्याची रेषा नानासोंच्या घरात अडीच मीटर शिरली. दिवाळीआधी पुढची खोली पाडली गेली. नानासोंची खाट मागच्या खोलीत गेली. तिथे खिडकी नव्हती. महिन्याभराने लेकीने दोघांना रहिमतपूरला नेलं.

हे चिंतामणला ठाऊकही नव्हतं. जानेवारीत साताऱ्याच्या एका पेठेत काम रखडलं, म्हणून यंत्र तीन दिवस एकाच जागी राहिलं. त्याने आकड्यांचा आलेख काढला. रोज सकाळी रेषेला तोच उंचवटा येत होता, आणि रोज चार मिनिटं आधी. उपग्रहसुद्धा रोज चार मिनिटं आधी त्याच जागी परत येतात. म्हणजे ही चूक मधेच कधीतरी होणारी नव्हती. समोरच्या भिंतीवर आपटून येणारा सिग्नल ती रोज घडवत होता.

त्याला नानासो आठवले. रजा टाकून तो सांगलीला गेला. खोलीच्या जागी माती होती. दोघं लेकीकडे रहिमतपूरला गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. तिथे तीन दिवस यंत्र लावलं. उंचवटा तसाच, साताऱ्यातल्याहून मोठा. मग मोकळ्या चौकापासून त्याने टेपने मापत आणलं. खोली रेषेच्या बाहेर होती.

कंपनीतले साहेब म्हणाले, “खोली पडून गेली. आता कशाला उकरून काढतोस?” चिंतामणने तरी लेखी कळवलं आणि रहिमतपूरची बस धरली.

शालूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. कपाळ मोकळं होतं. नानासोंना जाऊन तीन आठवडे झाले होते.

“काकू, काकांचं बरोबर होतं. मी चुकलो. तुमची खोली पाडायला नको होती.”

त्यांचे हात थांबले.

“रोज इचारायचे,” त्या म्हणाल्या. “त्या पोरानं परत मापलं का गं? मी काय सांगनार? शेवटी शेवटी इचारायचं बी सोडलं.”

“मी अर्ज करतो. खोली बांधून मिळेल.”

“मला एकटीला कशाला खोली?”

चिंतामणने पिशवीतून आलेख काढला, पण पुढे करायचा त्याला धीर होईना. शालूबाईंनीच तो ओढून घेतला.

“ह्यातलं मला कळत न्हाई. पर सांगा. त्यास्नी सांगितलं असतं तसं सांगा.”

तो सांगू लागला. काचा, अडलेला सिग्नल, चार मिनिटं. मधेच त्याचा आवाज गेला. शालूबाई कागदाकडे बघत तशाच बसल्या, तो पुन्हा बोलायला लागेपर्यंत.