मी झाकलं, मीच पाहिलं

मित्रांनो, मी एक जुना, विटलेला काळा कापडाचा तुकडा आहे. सध्या एका कोठारात खेचराच्या खोगिराखाली पडून असतो. कडा उंदरांनी कुरतडल्यात. मला बघून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. पण एके काळी माझ्या परवानगीशिवाय या गावात कुणाला टीव्हीवरचा सुरा दिसत नव्हता, रक्त दिसत नव्हतं, चुंबन तर नाहीच नाही. माद्रिदला टेबलामागे बसलेले मोठमोठे साहेब जे काम पगार घेऊन करत, ते स्पेनमधल्या या कास्तीलच्या पठारावर मी फुकट करत होतो.

माझा जन्म पाद्रीबाबांच्या झग्यातून झाला. झगा कोपरांवर विरला, तेव्हा त्यांच्या बहिणीने, बेनिताने, मागच्या घेरातून मला कापलं आणि चारी कडा दुमडून शिवल्या. शिवताना म्हणाली, "इतकी वर्षं तुझ्या पाठीवर होता. आता त्या पेटाऱ्याच्या तोंडावर बसू दे. झाकायची सवय आहेच त्याला."

"बेनिता, आधी स्वतःची जीभ शीव," पाद्रीबाबा म्हणाले.

पेटारा म्हणजे टीव्ही. अख्ख्या गावात एकच. सरकारने दिलेला. देवळाला लागून असलेल्या खोलीत तो ठेवला होता आणि खोलीची किल्ली पाद्रीबाबांच्या खिशात. लोक आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन यायचे. कार्यक्रम सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात कधी कधी पांढरी खूण उमटायची, पत्त्यांतल्या चौकटीसारखी. एक चौकट दिसली की पोरांनी घरी पळायचं. दोन चौकटी म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. पण पाद्रीबाबांच्या मते आमच्या गावात एवढं मोठं कुणीच नव्हतं. मग माझी पाळी.

टीव्ही सरळ बंदच का करत नव्हते, असं तुम्ही विचाराल. सारखा बंद-चालू केला तर आतले दिवे जळतात, असं गावाचं पक्कं मत होतं. शिवाय नंतरच्या बातम्या कुणाला चुकवायच्या नव्हत्या. म्हणून आवाजाचं बटण पिळायचं आणि चित्रावर मला सोडायचं. लोक माझ्याकडे बघत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचे. आणि मी? मी काचेला नाक लावून सगळं बघायचो. गंमत बघा, गावाला जे दाखवायचं नाही ते बघण्यासाठी गावात एकच जण नेमला होता, आणि तो मी.

काय काय पाहिलं मी! समुद्र पाहिला. या पठारावर जन्मून मेलेल्या कितीतरी माणसांनी तो पाहिलेला नाही. घोड्यावरून पडणारी माणसं पाहिली. एका म्हाताऱ्या राजाचा गळा दाबलेला पाहिला आणि भीतीने माझा धागा न् धागा आखडला. पुढच्या आठवड्यात तोच राजा दुसऱ्या नाटकात न्हावी होऊन आला, ठणठणीत! तेव्हा मला कळलं की या पेटाऱ्यात माणसं मरतात आणि उठतात. मित्रांनो, याहून मोठा चमत्कार मी देवळाच्या आवारातसुद्धा पाहिला नाही.

एक मात्र कधी उठलं नाही. रविवारी दुपारी बैलांची झुंज दाखवायचे. तेव्हा मी खुंटीवर. पोरं पहिल्या रांगेत. बैलाच्या मानेतून रक्ताची धार लागायची, त्याची जीभ वाळूला टेकायची, आणि कोपऱ्यात एकही चौकट नसायची. खोटा मुडदा झाकायचा आणि खरा उघडा ठेवायचा, हा कुठला न्याय? खोलीतली थोरली माणसं तेव्हा अशा शिव्या द्यायची की माझे टाके उसवावेत. मात्र त्या पेटाऱ्यातल्या माणसाने नुसतं 'मुडद्या' म्हटलं असतं, तर बेनिताने मला दुहेरी शिवलं असतं.

आता ओब्दुलियाबाईंची गोष्ट सांगतो.

गाव त्यांना बाराओनाची विधवा म्हणायचं. बाराओना मेंढरांचा धनी होता. मुलगी कासिल्दा नाटकात जाते म्हणाली, म्हणून त्याने एकुलत्या एका पोरीला घराबाहेर काढलं. पुढे तो मेला, पण पोर परत आली नाही. कुठे आहे, कशी आहे, आईला काही ठाऊक नव्हतं. ओब्दुलियाबाई टीव्हीघरात मागच्या भिंतीला टेकून बसायच्या आणि विणता विणता पेंगायच्या.

एका बुधवारी निवेदिकेने दुसऱ्या दिवशीच्या नाटकातली काही चित्रं दाखवली. सातुरियो मेंढपाळ खुर्चीवरून उडालाच. "अहो ओब्दुलियाबाई! ही तर आपली कासिल्दा!"

ओब्दुलियाबाई माणसांना ढकलत पुढे आल्या, तोवर चित्र गेलं होतं. "एका खुनाची कथा," निवेदिका गोड हसत सांगत होती. तेव्हा गेलेलं चित्र परत बघायची सोय नव्हती. उद्या एकदाच. नाही दिसली, तर नाहीच दिसली.

गुरुवारी ओब्दुलियाबाईंची खुर्ची पहिल्या रांगेत होती. अंगावर सणाची शाल. पडदा उजळला आणि कोपऱ्यात चौकटी आल्या. दोन. पाद्रीबाबांनी आवाज बंद केला आणि मला खुंटीवरून काढलं.

"पाद्रीबाबा, आजचा दिवस राहू द्या."

"दोन आहेत, ओब्दुलिया."

"दोन असोत नाहीतर वीस. पोटची पोर आहे माझी."

"म्हणूनच म्हणतो. तिला भोसकणार आहेत त्यात. तुला बघवणार नाही गं. तुझ्या भल्याचं सांगतोय."

"भलं करणाऱ्याचा हात नेहमी दुसऱ्याच्याच डोळ्यांवर," सातुरियो मागून बोलला.

"तू गप. तुझी मेंढरं मोज."

आणि पाद्रीबाबांनी मला पडद्यावर सोडलं.

ओब्दुलियाबाई रडल्या नाहीत. उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाद्रीबाबा, तुमच्या वेदीमागे एका आईचा लेक खिळ्यांनी ठोकलाय. बरगडीतून रक्त गळतंय, गुडघ्यांची सालं निघालीत. खाली त्याची आई उभी केलीय तुम्ही लोकांनी, बघायला. कळायला लागल्यापासून मी ते बघतेय. तिथे किती चौकटी लावल्यात?"

बियांचा आवाज थांबला. पाद्रीबाबांचा हात माझ्यावरच होता.

"नियम गावासाठी आहे," ते हळूच म्हणाले.

"मग गावाने बघू नये. मी बघते."

ओब्दुलियाबाईंनी माझी खालची कड उचलली आणि डोकं आत घातलं. जत्रेतला फोटोवाला कॅमेऱ्याच्या बुरख्यात शिरतो ना, तसं.

मित्रांनो, मी त्या पेटाऱ्यात समुद्र पाहिला होता, पण हे असलं काही नाही. एका वितीच्या अंतरावर दोन चेहरे. लेकीच्या चेहऱ्याचा उजेड आईच्या चेहऱ्यावर पडला होता. कपाळ एकच, हनुवटी एकच. सुरकुत्या तेवढ्या काचेच्या अलीकडे.

"अगं, केस कापलेस?" ओब्दुलियाबाई आत बोलल्या. "आणि हे काय, किती वाळलीस! चणे शिजवत नाहीत का तिकडे?"

बाहेर कुणीतरी हसलं. "ओब्दुलियाबाई, आम्हालाही सांगा की!"

"भांडतेय कुणाशी तरी. हात कमरेवर. बापापुढे अशीच उभी राहायची." मग त्या नुसत्याच बघत राहिल्या.

सातुरियो पुढे आला आणि त्याने आवाजाचं बटण फिरवलं. पाद्रीबाबांनी ते पाहिलं. परत मात्र पिळलं नाही. कासिल्दाचा आवाज खोलीभर झाला. बायकांनी रुमाल, शाली, जे हाताला आलं ते तोंडाला लावलं.

नाटकातला माणूस सुरा घेऊन आला. कासिल्दा त्याच्यावर ओरडली, पण मधेच आवाज तुटला. ओठ हलले, शब्द आला नाही. माद्रिदला कुणीतरी तो कापून ठेवला होता. पण ओठांचा तो आकार ओब्दुलियाबाईंच्या ओळखीचा होता. खेचर अडलं की त्या स्वतःच तो शब्द वापरायच्या.

"रांडेच्या!" त्या माझ्या आतून गरजल्या. "हात लावशील तर बघ, रांडेच्या!"

देवळाच्या भिंतीलगत, पाद्रीबाबांच्या समोर! बेनिताने छातीवर क्रूस काढला आणि खुदकन हसली.

सुरा चालला. ओब्दुलियाबाईंनी डोळे मिटले नाहीत. मी त्यांच्या कपाळावर टेकलेला होतो, मला ठाऊक आहे. कासिल्दा जमिनीवर पडली, डोळे उघडे. आईने तळहात काचेवर ठेवला, बरोबर जखमेवर. आणि मग बाई ओरडल्या, "पोट हलतंय! अहो, श्वास घेतेय ती! मेलेली नाही, लबाड कुठली!"

सगळी खोली हसली. रडत रडत हसली.

नाटक संपलं. पडलेल्या कासिल्दाच्या चेहऱ्यावरून अक्षरं वर सरकू लागली. "नावं येताहेत! कुणीतरी या, मला वाचता येत नाही!"

सगळ्यांत जवळ पाद्रीबाबा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि ज्यांच्या पाठीवर मी वर्षानुवर्षं होतो ते स्वतः वाकून माझ्याखाली शिरले. आत आता तीन चेहरे. ते मोठ्याने नावं वाचू लागले. न्हावी, नोकर, फौजदार. मग "कासिल्दा..." म्हणाले आणि थांबले.

आमच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात. आधी बापाचं, मागून आईचं. जागा कमी असली तर आईचं गाळतात. सगळेच गाळतात.

"कासिल्दा मोरेदा," पाद्रीबाबांनी वाचलं.

मोरेदा हे ओब्दुलियाबाईंचं माहेरचं आडनाव. गावाने ते कधी उच्चारलंच नव्हतं. पोरीने बापाचं टाकलं होतं आणि आईचं ठेवलं होतं, साऱ्या देशासमोर.

"परत वाचा."

"वर गेलं ते, ओब्दुलिया."

"मग तसंच म्हणा."

"कासिल्दा मोरेदा," पाद्रीबाबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन चौकटी आल्या. पाद्रीबाबांनी मला हातात घेतलं, पण पडद्यावर सोडलं नाही. खोलीकडे वळून विचारलं, "यात कुणाचं कुणी आहे का?"

"प्रत्येक जण कुणाचा तरी असतोच की, पाद्रीबाबा," सातुरियो म्हणाला.

पाद्रीबाबांनी माझी घडी घातली आणि मला बेनिताच्या हातात दिलं.

तेव्हापासून मी बेकार आहे आणि मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, लहान पोरांना जपा, जरूर जपा, मी नाही म्हणत नाही. पण माझ्यासारखं फडकं कधी तुमच्या हाती आलंच, तर ते टाकण्याआधी मागे वळून एकदा विचारा: यात कुणाचं कुणी आहे का? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.