गुडाखूची डबी

केजाने मितानिनला छातीठोकपणे सांगितलं होतं, "तंबाखू? आमच्या घरात बायका शिवतही नाहीत." घरोघरी औषधं आणि सल्ला देत फिरणारी गावची मितानिन सुकवारो खूश झाली. मूल हवंय म्हणून दिवस राहण्याआधीच विचारायला आलेली सून तिला पहिल्यांदाच भेटत होती. फोलिक ॲसिडच्या गोळ्या, रक्ताची तपासणी, रोज लालभाजी, सगळं समजावून ती गेली.

दुसऱ्या सकाळी सुकवारो तळ्यावर आंघोळीला आली, तर घाटावर केजा आणि तिची सासू बुधियारीन एकाच डबीत बोट बुडवून दात घासत बसलेल्या.

"हे काय गं?"

"गुडाखू," केजा म्हणाली.

"कशाचा असतो?"

"गुळाचा."

"आणखी?"

घाटावर खसखस पिकली. त्यात तंबाखू असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दात घासायच्या वस्तूला तंबाखू कोण म्हणतं?

"आत्ताच सोड बाई. पोटातल्या बाळाला हे सोसत नाही. मूल किरकोळ निपजतं."

"माझी पाच झाली याच्यावर," बुधियारीनने ठणकावलं.

केजाने मुकाट्याने तोंड धुतलं. मूल तर ठणठणीत हवंच होतं, पण या डबीतही तिचा जीव अडकला होता. नवी नवरी होती तेव्हा सासू धड बोलायची नाही. एका सकाळी तिने धमतरीच्या बाजारातली ही डबी न बोलता पुढे केली आणि तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं.

आता केजा बाभळीची काडी घेऊन घाटाच्या पार दुसऱ्या टोकाला बसू लागली. जवळ बसलं की वासानेच निश्चय डळमळायचा. डोकं ठणके, पोट साफ होईना, त्यात सासूचा अबोला. मूल यायच्या आधीच सासू हातची गेली, असं वाटून तिला रडू यायचं.

मग एकदा बुधियारीन येऊन शेजारी फतकल मारून बसली.

"काडी मोड. अर्धी दे."

"तुम्हाला कशाला, आई? तुम्हाला कुठे आता पोर हवंय?"

सासूने काडी चावली, तोंड वेडंवाकडं केलं, थुंकली. "पाच झाली म्हणाले ना मी? राहिली तीन. दोघं इवलीशी होती, तळहातावर मावतील एवढी. कशाने गेली देव जाणे. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं."

केजाने पदराने डोळे टिपले.

"डोळे काय पुसतेस? चहाआधी माझंही डोकं ठणकतंय, मी रडतेय का?" असं म्हणत बुधियारीनने कनवटीची डबी काढून पुढे केली. केजा दचकली. डबी राखेने घासून लखलखीत केली होती, आणि आत मितानिनने सांगितलेल्या गोळ्यांची पट्टी दुमडून ठेवली होती.

"घे," सासू म्हणाली. "सकाळी डबीशिवाय तुझं चालत नाही ना?"