गॅरेजची रुंदी

गॅरेजचा विषय निघाला की आईचा आवाज चढायचा आणि बाबा ठार बहिरे व्हायचे. वादळात जुनी पत्र्याची शेड आडवी झाली, तेव्हापासून घरात हेच चाललं होतं. गाडी नशिबाने वाचली. बाबांनी त्याच संध्याकाळी जाहीर करून टाकलं, की आता शेडबिड काही नाही, पक्कं गॅरेज बांधायचं. आई एवढंच म्हणाली, "कशाला?" त्या एका शब्दात तिचं सगळं म्हणणं आलं होतं, पण बाबांनी ते कानाआड केलं.

शेवटी आईने थोरलीला फोन लावला. थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी. दुसऱ्या शहरात शाळेत गणित शिकवायची. धाकटा भाऊ परदेशात, त्यामुळे घरातली सगळी अवघड कामं आपोआप तिच्याच गळ्यात पडत.

"तू ये आणि त्यांना सांग," आई म्हणाली.

"काय सांगू?"

"आता गाडी सोडा म्हणून सांग. मी सांगितलं तर अबोला धरतील. तुझं ऐकतात."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

"माझ्यापेक्षा जास्त ऐकतात," आई म्हणाली.

काम खरंच अवघड होतं. बाबांनी उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवण्यात घालवलं होतं. त्या भागातली निम्मी माणसं त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकली होती आणि अजूनही त्यांना मास्तरच म्हणत. आता मास्तरांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण दोन्ही बाजूंचं हळूहळू पुसत चाललं होतं. डॉक्टरांनी गाडी बंद करा असं स्पष्ट सांगितलं होतं. बाबा मान डोलावून घरी आले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवत बाहेर पडले होते.

रविवारी सकाळी थोरली पोचली तेव्हा बाबा घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत वाकून चुन्याची फक्की टाकत होते. जमिनीवर एक मोठा पांढरा चौकोन उमटला होता. कोपऱ्यांवर खुंट्या, खुंट्यांना सुतळी. त्यांनी वर बघितलं, पण ती अगदी समोर येईपर्यंत त्यांना ती दिसली नाही.

"आलीस? बरं झालं. कंत्राटदार दुपारी यायचाय. त्याच्या आधी माप पक्कं करू. तू गणितवाली."

"बाबा, मला जरा बोलायचंय."

"बोलू की. आधी गाडी आण. मागच्या गल्लीत उभीय." त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

शेड पडल्यापासून गाडी मागच्या गल्लीत उभी असायची. स्वयंपाकघरातून ती दिसत नसे. थोरलीने गाडी आणली आणि त्यांच्या इशाऱ्यांप्रमाणे बरोबर चौकोनात उभी केली. मग बाबांची परीक्षा सुरू झाली. दार पूर्ण उघड. आता उतर. पिशवी हातात आहे असं समज आणि उतर. दाराची कड सुतळीला टेकली, तसं त्यांनी च्च केलं.

"नाही चालणार. अजून दोन फूट रुंद हवं."

"बाबा, एका गाडीला एवढं?"

"एका गाडीलाच. गाडी वाकडी घुसली तर? सरळ करायला जागा नको?"

बाबा खुंट्या उपटून पुढे सरकवत होते आणि आपल्या मनातलं गॅरेज तिला दाखवत होते. दोन्ही भिंतींना गाडीच्या उंचीवर जुन्या टायरचे तुकडे ठोकायचे, म्हणजे घासली तरी पत्रा जायचा नाही. जमिनीवर मधोमध पिवळा पट्टा. चाक थांबायला मागे लाकडी ठोकळा. शटर हाताने ओढायचं नाही, बटणावर चालणारं हवं. दिवे एक सोडून चार, आणि दाराशी पायरी अजिबात नको, सौम्य उतार. पाणी बाहेर जायला जाळी. घरात शिरायला आतून दार, तेही सरळ स्वयंपाकघरात.

प्रत्येक गोष्टीसरशी थोरलीचं डोकं तापत गेलं. टायर कशाला, पट्टा कशाला, चार दिवे कशाला, हे तिला न सांगताही कळत होतं. ज्याला भिंत दिसत नाही त्याच्यासाठीच हे सगळं होतं. डॉक्टरांचं ऐकण्याऐवजी हा माणूस आपल्या डोळ्यांच्या मापाने गॅरेज बांधायला निघाला होता. गॅरेजच्या भिंतींना टायर लावता येतील, पण रस्त्यावरच्या माणसांना काय लावणार?

शेवटी तिला राहवलं नाही.

"बाबा, पुरे. गॅरेजमध्ये टायर लावून काय होणार आहे? बाहेर रस्ता आहे. तुम्हाला बाजूचं दिसत नाही. आत्ता मी आले तेही तुम्हाला कळलं नाही. उद्या कोणाच्या अंगावर गाडी गेली तर काय करायचं आम्ही?"

बाबा खुंटी हातात धरून तसेच उभे राहिले. रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. गाडीच्या बॉनेटला टेकून बसले.

"मी गाडी सोडली," ते म्हणाले.

"काय?"

"शेड पडली त्याच्या आदल्याच दिवशी. चौकात डावीकडून एक सायकलवाली बाई आली. मला दिसलीच नाही. तिने मला पाहिलं म्हणून वाचली. काही झालं नाही, ती निघूनही गेली. पण मी गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिलो. कशीबशी घरी आणली, तेवढंच. त्यानंतर फक्त शेडमधून मागच्या गल्लीत लावली, रस्त्यावर एकदाही नेली नाही."

"पण आई म्हणते तुम्ही रोज सकाळी किल्ली घेऊन..."

"किल्ली घेऊन जातो. गल्लीत गाडी चालू करतो, बॅटरी उतरू नये म्हणून. मग बंद करतो आणि बसने जातो."

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. आठवडाभर मनात घोळवलेली सगळी वाक्यं एकदम बिनकामाची झाली होती. तीही त्यांच्या शेजारी बॉनेटला टेकली.

"मग हे सांगितलं का नाही तुम्ही? आई तिकडे जीव मुठीत धरून बसलीय."

"सांगितलं की ती म्हणणार, विकून टाका गाडी. आणि एकदा गाडी गेली की ही घराबाहेर पडायची नाही. गुडघा दुखतो म्हणून बसमध्ये चढत नाही. आत्ता मी बांधकामाच्या सबबीवर टाळतोय, पण पुढे बहिणीकडे जाणं बंद होईल, वाचनालय बंद होईल. म्हणून मला दोन गोष्टी एकदम सांगायच्या होत्या. मी सोडतोय, आणि..." ते थांबले.

"आणि काय?"

"तिला म्हणायचं होतं, आता तू शिक."

थोरलीने चौकोनाकडे पाहिलं. मग टायरच्या तुकड्यांकडे, जे बाबांनी आधीच कापून भिंतीशी रचून ठेवले होते. "म्हणजे हे सगळं आईसाठी?"

"नाहीतर कोणासाठी? नवशिक्याला रुंद जागा लागते. चाळीस वर्षं मी काय बघितलं? लोकांचा रस्त्यावर धीर सुटत नाही, घरी येऊन गाडी आत लावताना सुटतो. एकदा भिंतीला घासली की पुन्हा हात लावायला घाबरतात. पायरी नको ती तिच्या गुडघ्यासाठी. शटर बटणावर, तेही तिच्यासाठीच."

"मग विचारा ना तिला!"

"मी?" बाबा दचकलेच. "मला जोड्याने मारेल."

ती गोष्ट थोरलीला लहानपणापासून पाठ होती. लग्नानंतर बाबांनी आईला पहिला धडा द्यायला नेलं. भर चौकात गाडी बंद पडली, मागून भोंगे वाजायला लागले आणि मास्तर आपल्या नेहमीच्या सुरात काहीतरी बोलले. आई गाडीतून उतरली, दार लावलं आणि चालत घरी आली. त्यानंतर तिने कधी चाकाला हात लावला नव्हता.

"तू विचार," बाबा म्हणाले. "तुझं ऐकते ती."

थोरलीला हसू फुटलं. ते आवरेना. बाबा आधी रुसल्यासारखे बघत राहिले, मग तेही हसायला लागले.

आवाज ऐकून आई ओले हात पुसत बाहेर आली. "काय झालं? सांगितलंस का?"

"आई, बाबांनी गाडी केव्हाच सोडलीय," थोरली म्हणाली आणि सायकलवाल्या बाईपासून बसपर्यंत सगळं सांगून टाकलं. आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून आधी राग गेला, मग इतक्या दिवसांची भीतीही गेली. ती तिथल्याच पालथ्या घातलेल्या बादलीवर खाली बसली.

"रोज तुम्ही बाहेर पडलात की मी रेडिओ बंद करून बसायचे," ती बाबांना म्हणाली. "बाहेर काही आवाज झाला तर ऐकू यावा म्हणून. आणि तुम्ही बसमध्ये!"

"चुकलं," बाबा म्हणाले. मास्तरांच्या तोंडून हा शब्द त्या घरात फारसा कोणी ऐकला नव्हता.

"आणि हे एवढं मैदान कशाला आखलंय मग?"

बाबांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, हे तुम्हीच सांगा.

"तुला चालवायची असेल तर," ते खाली बघत म्हणाले. "मी नाही शिकवणार. माझ्या हाताखालची एक मुलगी आता स्वतःचा क्लास चालवते. शांत आहे. आवाज चढवत नाही."

आई उठली, चौकोनाच्या आत आली आणि गाडीच्या बाजूने हळूहळू चालत एक फेरी मारली. सुतळी आणि दार यांच्यामधलं अंतर तिने हाताने मापलं. मग दार उघडून ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

"ही सीट पुढे कशी घ्यायची?"

बाबा धावलेच. थोरलीने त्यांचा दंड धरला आणि स्वतः पुढे होऊन खालचा दांडा दाखवला. आईने सीट पुढे घेतली, आरसा वळवला, त्यात मागे उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं.

"तुम्ही मागे बसायचं," ती आरशातूनच म्हणाली. "आणि तोंड उघडायचं नाही."

"मुळीच नाही."

"चौकात सुद्धा नाही."

"चौकात तर अजिबात नाही."

कंत्राटदार आला तेव्हा मास्तर पुढे सरसावले, पण सगळे प्रश्न आईनेच घेतले. रुंदी आहे तेवढी असू द्या. पिवळा पट्टा नको, तो रस्त्यावर असतो तेवढा पुरे. खिडकी मात्र हवी, पूर्वेला, म्हणजे सकाळी दिवा लावायला नको. स्वयंपाकघराचं दार ठरलंय तिथेच, पण ते आत उघडणारं नको, बाहेर उघडणारं करा. कंत्राटदार लिहीत होता आणि मधूनमधून मास्तरांकडे बघत होता. मास्तर प्रत्येक वेळी मान डोलावत होते.

संध्याकाळी परतीच्या रेल्वेत बसल्यावर थोरलीला धाकट्याचा फोन आला. त्याच्या आवाजात काळजी होती.

"सांगितलंस बाबांना? काय म्हणाले? फार लागलं का त्यांना?"

"तू जेवलास का?" थोरलीने विचारलं. "जेवून घे आणि मग फोन कर. सावकाश सांगते. सगळं ठीक आहे."

तिने फोन ठेवला, चपला काढून पाय वर घेतले आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिला बसल्या जागी गाढ झोप लागली.