डावा कोपरा

लातूर जिल्हा होऊन वर्ष भरायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. वाकदरा आणि चिंचसांगवी ही दोन गावं एकाच नदीच्या दोन काठांवर. वाकदरा नांदेड जिल्ह्यात. चिंचसांगवी आधी उस्मानाबादेत होती, ती आता लातूरला गेली होती. नदी दिवाळीलाच आटली. पात्राच्या मधोमध वाळूत खणलेला एक झिरा तेवढा जिवंत होता आणि दोन्ही गावं त्याच्यावर जगत होती. रात्रभर झिरपून पहाटे त्यात निवळ पाणी साचे. ज्याची सकाळची पाळी, त्याला ते मिळे. संध्याकाळच्या पाळीला राहील तो गाळ. वाकदऱ्याकडे संध्याकाळची पाळी होती आणि तिथली पोरं हगवणीनं अंथरुणाला खिळली होती.

पाळी बदलून द्या म्हणून वाकदऱ्याची माणसं नांदेडला जाऊन आली. तिथं सांगितलं, समोरचं गाव आमच्याकडे नाही. लातूरला गेली, तर नव्या कचेरीत टेबलंच अजून लागायची होती. शेवटी दोन्ही गावांनी जुना रिवाज काढला. नदीच्या पात्रात कबड्डीचा सामना लावायचा आणि जिंकेल त्यानं पाऊस पडेपर्यंत सकाळची पाळी घ्यायची.

पंच बाहेरचा हवा म्हणून हदगावच्या शाळेतले क्रीडाशिक्षक शेषेराव गजभारे यांना बोलावणं गेलं. शेषेराव पंचपरीक्षा पास झालेले होते. कबड्डीत पंचाला डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात, असं ते पोरांना सांगत. चढाई करणारा एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरतो. त्याचा दम तुटला की तो बाद. दहा हात लांबून, शे-दोनशे माणसांच्या गलक्यात तो दम तुटला की नाही हे ऐकायचं, त्याच वेळी सात जोडी पाय रेषेच्या आत आहेत का ते पाहायचं, आणि निर्णय दिल्यावर अर्ध्या लोकांच्या शिव्या खायच्या.

या सामन्याचा आणखी एक रिवाज होता. खेळाडूंची नावं पंचानं पाठ फिरवून पुकारायची. मागून ‘हाव’ असं उत्तर आलं की तो खेळाडू घेतला. तोंड बघून घेतला-टाकला असं कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून. एकदा घेतलेला खेळाडू फक्त पंचच नाव घेऊन बाहेर काढू शकत असे. शेषेरावांना हा रिवाज आवडला. लहानपणी तोंड बघून संघाबाहेर ठेवलेल्या पोरांपैकी ते एक होते.

त्यांनी पाठ फिरवली आणि वाकदऱ्याची सात नावं पुकारली. शेवटचं नाव होतं निवृत्ती केरबा. सातही वेळा ‘हाव’ आलं. शेवटचं जरा खोल आलं, घशात कफ असल्यासारखं. शेषेराव वळले तेव्हा अंगणात सहाच जण उभे होते.

“सातवा कुठंय?”

“हाय की,” वाकदऱ्याचा कप्तान व्यंकटी म्हणाला. “डावा कोपरा त्याचा.”

डावा कोपरा रिकामा होता. शेषेरावांना वाटलं, पोरगं झाडाआड गेलं असेल, येईल. कमी खेळाडूंनी खेळायला नियमाची आडकाठी नव्हती. चिंचसांगवीचा कप्तान मलप्पा खो खो हसला.

“तुमी घेतला ना, मास्तर? मग घेतला. सहा जणाला मारायला आमाला काय जड हाय? ए व्यंकटी, तुझ्या सातव्याला म्हनावं टोपी घालून ये, ऊन लागंल!”

पण त्याच्या मागच्या पोरांपैकी कुणी हसलं नाही.

सामना सुरू झाला. सहा जण असले की माणसं आत सरकून जागा भरून काढतात. वाकदऱ्याच्या पोरांनी तसं केलं नाही. डावा कोपरा त्यांनी मोकळा ठेवला आणि त्याच्या शेजारी व्यंकटी उभा राहिला, कोपऱ्यातल्या माणसाचा हात धरावा तसा डावा हात थोडा बाहेर काढून. शेषेरावांना हा खुळेपणा वाटला.

चिंचसांगवीचा सिद्धराम चढाईला आला. मोकळा कोपरा बघून तो तिकडे धावला आणि धाडकन तोंडावर आपटला. त्याच्या अंगावर कुणी नव्हतं. वाकदऱ्याची पोरं जागची हलली नव्हती. सिद्धराम हातांनी जमीन ओरबाडत मध्यरेषेकडे सरकू पाहत होता, पण त्याचा उजवा पाय मागेच राहत होता. दम तुटला. शेषेरावांनी शिट्टी फुंकून त्याला बाद दिला. दम समोरच्या अंगणात तुटला, एवढं निर्णयाला पुरेसं होतं. कुणी धरलं, हे नियम विचारत नाही.

सिद्धराम लंगडत त्यांच्यासमोरून गेला. त्याच्या घोट्याभोवती ओल्या वाळूचं कडं होतं. दिवाळीपासून कोरड्या पडलेल्या, भेगाळलेल्या त्या पात्रात शेषेरावांनी ते पाहिलं आणि पुढच्या चढाईसाठी हात केला.

मध्यंतरात एक म्हातारी पेल्याच्या तळाशी असेल एवढं पाणी घेऊन त्यांच्याकडे आली. व्यंकटीची आई, सरजाबाई.

“मास्तर, डाव्या कोपऱ्यातला थोरला माझा हाय,” ती हळू आवाजात म्हणाली. “चैतात झिरा उपसाया उतरला. वाळू ढासळली. दोन्ही गावच्या मान्सांनी मिळून काढला. या मलप्पानं खांदा दिलाय.”

शेषेरावांनी पेला खाली ठेवला.

“बाई, मी पंच आहे. दिसेल ते आणि ऐकू येईल ते, एवढंच मला कळतं.”

“ऐकू आलं म्हनून तर घेतलं ना तुमी?”

शेषेरावांनी डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं.

“आता तुमीच काढा. धाकटा काढू देनार न्हाई. पान्यासाठी त्यानं त्याला रोज हाका मारल्या झिऱ्यावर जाऊन. म्या म्हनलं, मेल्या मान्साला असं उठवू नाही बाबा.”

शेषेराव उठले. नाव घेऊन ‘बाहेर’ म्हणायचं, की काम झालं. पण तसं म्हणणं म्हणजे तो आत होता हे मान्य करणं. हदगावात, नांदेडात, पंचांच्या बैठकीत ही गोष्ट कशी ऐकली जाईल याचा त्यांनी विचार केला. त्यांनी पुन्हा खेळाची शिट्टी दिली.

उत्तरार्धात चिंचसांगवीनं जोर केला. ते डाव्या कोपऱ्याच्या वाटेला गेलेच नाहीत आणि उजवीकडून एकेक गडी टिपत गेले. बाद झालेले वाकदऱ्याचे खेळाडू अंतिम रेषेमागे ओळीनं बसले. शेवटी व्यंकटीही बाद झाला. अंगण मोकळं झालं. सगळा संघ बाद म्हणजे लोण, आणि या रिवाजात जो आधी लोण देईल त्याचा सामना.

“लोण!” मलप्पा ओरडला. “मास्तर, लोण द्या!”

“सातवा उभा हाय,” व्यंकटी बसल्या जागेवरून म्हणाला. “चढाई आमची हाय.”

शेषेरावांची शिट्टी ओठात होती. त्यांनी सात घेतले होते आणि सहा बाद दिले होते. सातव्याला त्यांनी बाद दिलं नव्हतं आणि बाहेरही काढलं नव्हतं. काठावर बसलेली माणसं गप्प झाली. त्या शांततेत मोकळ्या अंगणातून दम ऐकू आला. स्पष्ट, ओलसर, एकसारखा. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. आवाज डाव्या कोपऱ्यातून निघाला, मध्यरेषेपाशी आला आणि पलीकडे गेला.

चिंचसांगवीची पोरं मागं सरकू लागली. कुणी ओरडलं नाही. एकमेकांच्या कमरेला धरून ती मागं मागं गेली आणि अंतिम रेषेच्या बाहेर जाऊन उभी राहिली. सगळ्यात शेवटी मलप्पा. शेषेरावांनी त्यांचे पाय पाहिले. पाय दिसत होते, रेषा दिसत होती. त्यांनी हात वर करून सातही जणांना बाद दिलं.

पण चढाई संपली नव्हती. चढाई करणारा आपल्या अंगणात परतला पाहिजे. दम पलीकडेच घोटाळत होता, कधी या कडेला, कधी त्या कडेला. कुठल्याही जिवंत माणसाची छाती फुटली असती इतका वेळ तो चालला होता. सूर्य बाभळींच्या मागे गेला.

“काढा त्याला, मास्तर,” मलप्पा म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता. “लोण बिण ऱ्हाऊ द्या. नाव घ्या आन काढा.”

“तिकडं असताना काढू नका!” सरजाबाई काठावरून ओरडली. “तिकडंच ऱ्हाईल तो!”

मलप्पानं मागं वळून आपल्या गावाकडे पाहिलं. घरांतून धूर निघायला लागला होता.

“नको बाबा,” तो म्हणाला. “आमच्या हद्दीत नको. येऊ दे त्याला तिकडं. घ्या मंग सकाळची पाळी तुमीच, घ्या!”

“तो येईना, कारन त्याला रेघ दिसंना,” सरजाबाई म्हणाली.

शेषेरावांनी खाली पाहिलं. दोन डावांच्या पायांनी मध्यरेषा पुसून गेली होती. रेषा राखणं हे पंचाचं काम, आणि ते त्यांच्याकडून राहिलं होतं. त्यांनी फक्कीचा डबा उचलला, एका कडेला वाकले आणि चिमटीतून पांढरी भुकटी सोडत मागं मागं सरकत गेले. दम त्यांच्याबरोबर सरकत होता. ते दुसऱ्या टोकाला पोचले, रेषा पुरी झाली, तेव्हा त्यांच्या कानाला गार हवा लागली. नव्या खणलेल्या वाळूचा वास आला. दम रेषेवरून अलीकडे आला आणि थांबला.

शेषेरावांनी सामना वाकदऱ्याला दिला. कुणी गुलाल उधळला नाही. चिंचसांगवीची माणसं भराभर काठ चढून गेली.

“आता काढा,” सरजाबाई म्हणाली.

व्यंकटीनं शेषेरावांचा हात धरला. “मास्तर, ऱ्हाऊ द्या ना. लई दिसांनी बाजूला उभा ऱ्हायला माझ्या. तुमाला काय त्रास हाय त्याचा?”

शेषेरावांनी लांब शिट्टी फुंकली. सामना संपला की सगळेच खेळाडू मोकळे होतात, वेगळं नाव घ्यायची गरज नाही, असं त्यांनी सरजाबाईला समजावलं.

संध्याकाळची बस चुकली होती. त्यांनी रात्र वाकदऱ्याच्या शाळेत काढली आणि उजाडताच नदी ओलांडून सडकेकडे निघाले. झिऱ्यापाशी वाकदऱ्याच्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांची पहिली सकाळची पाळी. पण एकही बाई खाली उतरत नव्हती.

झिरा काठोकाठ भरला होता. इतकं पाणी त्या उन्हाळ्यात कुणी पाहिलं नव्हतं. व्यंकटी त्यात छातीइतका उभा होता आणि डावीकडे बघून हसत होता.

“आजूक थोडं, दादा,” तो म्हणत होता. “आजूक थोडं सोड. धरतो की मी, तू सोड.”

त्याच्या पाठीमागची वाळूची भिंत भिजून फुगली होती. तिच्यातून मुठीएवढे गोळे सुटून पाण्यात पडत होते. काठावरून दोन जणांनी दोर टाकला होता. तो तसाच पाण्यावर तरंगत होता.

“व्यंकटी, वर ये!”

“थांबा हो मास्तर. दादानं हात धरलाय माझा.”

सरजाबाई एका अंगाला बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“संपला म्हनले ना तुमी सामना?” ती म्हणाली. “त्याला कुनी सांगितलं?”

भिंतीचा एक मोठा लपका सुटला. पाणी व्यंकटीच्या गळ्याशी आलं. शेषेराव काठावर गेले. बाया बघत होत्या, पलीकडच्या काठावर मलप्पा आणि त्याच्या गावची माणसं येऊन थांबली होती. शाळेत हजेरीला लागतो तेवढ्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करत, ते म्हणाले, “निवृत्ती केरबा. बाहेर.”

व्यंकटीचा डावा हात एकदम खाली पडला. तो चमकून बाजूला बघू लागला, मग दुसऱ्या बाजूला. पाणी हलायचं थांबलं आणि खाली जाऊ लागलं. त्याच्या छातीखाली, कमरेखाली, गुडघ्याखाली. दोर आता त्याच्या पायांवर पडला होता. त्यानं तो धरला आणि दोघांनी ओढून त्याला वर घेतलं. तो काठाला लागला न लागला तोच मागची भिंत बसली आणि अर्धा झिरा बुजला.

“काय केलं हो, मास्तर,” व्यंकटी म्हणाला. तो वाळूवर बसून रडत होता. “किती पानी दिलं होतं त्यानं.”

बुजलेल्या वाळूच्या कडेला ओंजळभर पाणी उरलं होतं, गढूळ. सरजाबाई उठली. काठाच्या भक्कम बाजूनं सावकाश खाली उतरली, घागर शेजारी टेकवली आणि वाटीनं ते पाणी घागरीत भरू लागली.

“उतरा गं,” ती वर न बघता म्हणाली. “पाळी आपली हाय.”