किसनच्या नावावरची बाही

मित्रांनो, मी एक जुनी खाकी बाही आहे. चिमाबाईच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं ते १९७२ साल. त्याच साली चिंचवडच्या शिंप्याने मला कारखान्याच्या सदऱ्याला जोडलं. सदरा चिमाबाईच्या धाकट्या भावाचा, किसनचा.

पुढच्या वर्षी संप झाला. कारखान्याच्या दारातच भाड्याच्या माणसांनी किसनला लोखंडी सळ्यांनी ठेचून मारलं. सदरा रक्ताने भिजला. मी तेवढी कोरडी राहिले. चिमाबाईने मला उसवून घेतलं.

भावाचा फोटो नव्हता. तिने डाव्या हातावर त्याचं नाव गोंदवून घेतलं. गोंदणारी म्हातारी म्हणाली, "बाय, उन्हाला दावू नगं. कातडी जळती, नाव इटतं."

चिमाबाई चिखलीजवळच्या खाणीत खडी फोडायची. तिथे सावलीला झाड नव्हतं. ती मला हातावर चढवून सुतळीने बांधायची.

"चिमे, हाताला पदर व्हय गं?" शेजारी खडी फोडणारी केसरबाई हसायची.

"हाताला न्हाई, भावाला."

उन्हाळ्यात नवा मुकादम आला, बबनराव. किसनवर सळई चालवणाऱ्यांत तो होता, हे सगळ्या खाणीला ठाऊक होतं.

"काढ ती चिंधी! मेलेल्याचं नाव मिरवतीस?" त्याने मला ओरबाडून धुळीत फेकलं. त्याच्या दोन गड्यांनी चिमाबाईचा उघडा हात ट्रकच्या पत्र्यावर दाबला. पत्रा सकाळपासून तापत होता. कातडी चरचरली.

चिमाबाईच्या उजव्या हातात हातोडा होता. तो तिने बबनरावाच्या गुडघ्यावर घातला. हाड फुटलं. तो गुरासारखा ओरडत खडीवर पडला. गडी तिच्या अंगावर धावले, तर हातोडा घेऊन केसरबाई आडवी आली. मागे साऱ्या बायका.

"या की राव पुढं. थांबला का?"

कोणी पुढे आलं नाही.

हाताला फोड आले, कातडी सोलून निघाली. चिमाबाई रोज खोबरेल लावायची आणि वरून मला घालायची. नाव फिकं झालं, पण राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात खाणीतल्या सगळ्या बायकांच्या हातांवर नवऱ्यांच्या जुन्या सदऱ्यांच्या बाह्या होत्या. तेव्हा मला फार अभिमान वाटला. नंतर मी विरले आणि चुलीजवळ भांडी उतरवायला लागले.

मित्रांनो, ऊन हळूहळू मारतं, म्हणून माणूस त्याला भीत नाही. शहरात उन्हाचं मलम मिळतं म्हणे. मिळालं तर लावा, नाहीतर जुनी बाही शिवून घ्या. अंगावर कोणाचं नाव असेल, तर ते आधी झाका.

किसन १९७३ साली मारला गेला. चिमाबाई १९८१ च्या वैशाखात तापाने वारली. नाव तेव्हाही वाचता येत होतं.